संक्रमणकालीन न्याय शिकायचा तर चार खांबांपासून सुरुवात करू नका

प्रश्न थोडक्यात असा आहे. राज्यशास्त्रात एमए करणाऱ्या एका विद्यार्थिनीला लघुप्रबंधासाठी संक्रमणकालीन न्याय, म्हणजे ट्रान्झिशनल जस्टिस, हा विषय घ्यायचा आहे: हुकूमशाही, वर्णभेद किंवा यादवी यांतून बाहेर पडणारा देश आधीच्या अत्याचारांचा हिशेब कसा करतो, याचा अभ्यास. खटले, सत्य आयोग, नुकसानभरपाई आणि संस्थांमधल्या सुधारणा या चारही यंत्रणा, म्हणजे या विषयाचे चार खांब, तिने वाचून काढल्या. मग टीका वाचली आणि सगळंच फसलेलं दिसायला लागलं. यंत्रणा आणि टीका यांची सांगड कशी घालायची, आणि आपल्याकडचं काही यात बसतं का, असं ती विचारते आहे.

मी नऊ वर्षं जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली केली आणि गेली सोळा वर्षं मानवाधिकारांचा कायदा शिकवते आहे. हीच अडचण घेऊन दरवर्षी एक-दोन जण येतात. माझ्या मते अडचण टीकेत नाही. तुम्ही यंत्रणा सुट्या सुट्या वाचल्या आहेत. ती यंत्रणा कुणी, कुणाबरोबर, कसल्या दबावाखाली ठरवली हे बाजूला राहिलं की हातात नुसती औषधांची यादी उरते. मग टीकासुद्धा 'हे औषध लागू पडलं नाही' एवढीच कळते.

सुरुवातीची काही वर्षं मीही फळ्यावर चार खांब काढूनच शिकवायचे. मुलं उत्तरं छान लिहायची. एका वर्षी वर्गात सहज विचारलं, की ज्या आईचा मुलगा पोलीस कोठडीत मेला, तिला यातल्या कुठल्या खांबातून काय मिळालं? कुणालाच सांगता येईना, आणि मलाही नीट सांगता आलं नाही. तेव्हापासून मी पद्धत बदलली. एक देश घ्यायचा, त्यातलं एक प्रकरण घ्यायचं आणि ते किमान तीस वर्षं मागे-पुढे धरून वाचायचं.

कुठला देश घ्यावा हे मात्र तुमच्या परिस्थितीवर आहे. कायद्याच्या अंगाने जायचं असेल तर निकालपत्रं सहज मिळतील असा देश हवा. समाजशास्त्राच्या अंगाने जायचं असेल तर साक्षी मिळायला हव्यात. हाताशी चारच महिने असतील तर प्रत्यक्ष मुलाखतींचा विचार सोडा. ज्यांचं माणूस गेलं आहे त्यांना घाईघाईत प्रश्न विचारणं बरोबर नाही, आणि त्यातून हाती फारसं लागतही नाही.

मी स्वतः दक्षिण आफ्रिकेपासून सुरुवात करते, कारण तिथल्या सत्य आणि समेट आयोगापुढच्या साक्षी शब्दशः उपलब्ध आहेत आणि कुणालाही वाचता येतात. पण आयोगाआधी तडजोड पाहा. 1993 मध्ये वर्णभेदाची राजवट संपवण्याच्या वाटाघाटी चालू होत्या तेव्हा गोऱ्यांचं सरकार हरलेलं नव्हतं. सैन्य आणि पोलीस त्यांच्याच हातात होते, आणि निवडणूक सुरळीत पार पाडायची तर त्याच पोलिसांची गरज होती. म्हणून अंतरिम राज्यघटनेच्या अगदी शेवटी एक परिच्छेद आला: राजकीय हेतूने केलेल्या गुन्ह्यांना माफी दिली जाईल. 1995 च्या कायद्याने त्या वचनाला अटी घातल्या. सरसकट माफी नाही, प्रत्येकाने स्वतंत्र अर्ज करायचा. कृत्य 1 मार्च 1960 ते 10 मे 1994 या काळातलं हवं, त्यामागे राजकीय हेतू हवा, आणि सगळं खरं सांगायला हवं.

इथे आपली भाषा अडचण करते, आणि तीच मदतीलाही येते. 'माफी' हा एकच शब्द आपण कर्जमाफीलाही वापरतो आणि मनापासून केलेल्या क्षमेलाही. दक्षिण आफ्रिकेची माफी पहिल्या प्रकारची होती. कायद्यात पश्चात्तापाची अट नव्हती. अर्जदाराने 'मला वाईट वाटतं' असं म्हणायची गरजच नव्हती. आयोगाचे अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू क्षमेबद्दल बोलत होते, माफी समिती मात्र तीन अटी तपासत होती. एकाच आयोगात या दोन भाषा शेजारी शेजारी चालू होत्या, आणि टीकेचा मोठा भाग या दोन्हींची सरमिसळ झाल्यामुळे उगवला आहे. 'समेट'चंही तसंच आहे. आपल्याकडे समेट म्हणजे दोन बरोबरीची माणसं बसतात, थोडं मी सोडतो, थोडं तू सोड. जिने मुलगा गमावला तिने काय सोडायचं? वर्गात हा शब्द फळ्यावर लिहिला की अर्धा तास चर्चा होते, आणि ती चर्चा कुठल्याही पाठ्यपुस्तकातल्या व्याख्येपेक्षा जास्त शिकवून जाते.

जुलै 1997 मधली केपटाऊनची एक सुनावणी जरूर वाचा. जेफ्री बेंझीन हा सुरक्षा पोलीस माफीसाठी आला होता. कैद्याच्या डोक्यावर ओली पिशवी घट्ट बांधून श्वास कोंडायचा, ही त्याची पद्धत. ज्यांचा छळ केला त्यांच्यापैकी टोनी येंगेनी समोर होते, आणि तोपर्यंत ते खासदार झाले होते. येंगेनींनी मागणी केली की ही पद्धत इथे करून दाखव. बेंझीनने एका स्वयंसेवकाला जमिनीवर पालथं झोपवलं, त्याच्या पाठीवर बसला आणि कापडी पिशवी डोक्यावरून ओढून दाखवली. सत्य आयोगाचं हेच दृश्य जगभर पाहिलं गेलं. पण पुढचा भाग लोक विसरतात. त्याच सुनावणीत बेंझीनने येंगेनींना आठवण करून दिली की छळाखाली तुम्ही सहकाऱ्याची माहिती दिली होती. प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळालेला माणूस क्षणभर पुन्हा कोठडीत गेला. 1999 मध्ये बेंझीनला माफी मिळाली.

मी बरीच वर्षं साक्षीदारांची उलटतपासणी घेतली आहे. साक्षीदार कुठे मोडतो हे वकिलाला दिसतं. सत्य सांगितल्याने जखम भरते हे वाक्य मी या सुनावणीनंतर वर्गात कधी उच्चारलं नाही. काहींची भरते. काहींची भर चौकात पुन्हा उघडते, आणि आयोगाचा मंडप दुसऱ्या गावाला गेल्यावर त्यांच्यापाशी कुणी नसतं.

आता या माफीचं गणित बघा. सत्य सांगितलं तर माफी, हा सौदा चालायचा कधी? सत्य सांगितलं नाही तर खटला होईल, ही धास्ती खरी असेल तेव्हाच. दोन खटल्यांनी हे उघड केलं. 1996 मध्ये व्लाकप्लास या पोलिसांच्या मारेकरी तुकडीचा प्रमुख यूजीन डी कॉक दोषी ठरला. त्याला दोन जन्मठेपा आणि शिवाय 212 वर्षांची शिक्षा झाली. त्या खटल्याच्या धास्तीने त्याच्या हाताखालची माणसं माफीचे अर्ज घेऊन पुढे आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माजी संरक्षणमंत्री जनरल मॅग्नस मलान आणि त्यांचे सहआरोपी निर्दोष सुटले. सैन्यातल्या वरिष्ठांनी मग अर्ज करायचं कारणच राहिलं नाही. आले 7,112 अर्ज. त्यांतले बरेचसे तुरुंगातल्या साध्या कैद्यांचे होते, ज्यांच्या गुन्ह्याचा राजकारणाशी संबंध नव्हता. 5,392 फेटाळले गेले आणि 849 जणांना माफी मिळाली. एवढं पाहिल्यावर 'खटले की सत्य' हा परीक्षेतला आवडता प्रश्न किती पोकळ आहे ते कळतं. तिथे सत्य जेवढं बाहेर आलं तेवढं खटल्याच्या बळावर आलं.

माफीला न्यायालयात आव्हानही दिलं गेलं. अझापो ही काळ्यांची राजकीय संघटना आणि तिच्याबरोबर 1977 मध्ये कोठडीत मारले गेलेले काळ्यांच्या चळवळीचे नेते स्टीव्ह बिको यांच्यासह काही जणांची कुटुंबं घटना न्यायालयात गेली. आमचा न्याय मागण्याचा हक्क तुम्ही कसा काढून घेता, हा त्यांचा सवाल. जुलै 1996 चा निकाल न्या. इस्माइल मोहम्मद यांनी लिहिला. हे भारतीय वंशाचे. तरुण वकील असताना त्यांना ब्लूमफाँटेनला, जिथे अपील न्यायालय भरत असे, रात्रीचा मुक्काम करायला कायद्याने बंदी होती, कारण त्या प्रांतात भारतीयांना राहता येत नसे. अशा माणसाने माफी वैध ठरवली. निकालात ते बिकोंच्या कुटुंबाची वेदना अजिबात झाकत नाहीत. पुरावा नष्ट झालेला आहे, माफीच्या आशेशिवाय गुन्हेगार तोंड उघडणार नाही, आणि माफीशिवाय हे स्थित्यंतरच झालं नसतं, असा त्यांचा युक्तिवाद आहे. निकाल मान्य करा किंवा करू नका, पण त्याला उत्तर दिल्याशिवाय टीका लिहू नका. मला स्वतःला माफीबद्दलचा युक्तिवाद पटतो. राज्यसंस्थेलाही नुकसानभरपाईच्या दाव्यांतून मोकळं केलं, तो भाग मला आजही पटत नाही, कारण सरकारकडे लपवलेलं सत्य विकत घेण्यासारखं तिथे काही नव्हतं. ज्याने गुन्हा केला त्याला बोलतं करायला माफी लागते. तिजोरीला कशाला?

त्या तिजोरीतून पुढे काय आलं? आयोगाने बळींना सहा वर्षं दर वर्षी 17 ते 23 हजार रँड द्यायची शिफारस केली होती. 2003 मध्ये सरकारने एकदाच 30 हजार रँड द्यायचं ठरवलं. माफी मिळालेला त्याच दिवशी मोकळा झाला होता, आणि बळीने पाच-सात वर्षं वाट पाहिली.

ज्या आईबद्दल मी वर्गात विचारलं होतं ती हवा तिमोल. तिचा मुलगा अहमद हा शिक्षक होता, वय 29, कुटुंब मूळचं गुजरातचं. 27 ऑक्टोबर 1971 ला जोहान्सबर्गच्या जॉन वोर्स्टर स्क्वेअर पोलीस मुख्यालयाच्या दहाव्या मजल्यावरून तो खाली पडला. 1972 च्या न्यायालयीन चौकशीने आत्महत्या ठरवली. 1996 मध्ये हवा तिमोल सत्य आयोगापुढे येऊन बोलल्या. माफीसाठी मात्र एकाही पोलिसाने अर्ज केला नाही. ज्या प्रकरणांत माफी मिळाली नव्हती किंवा मागितलीच नव्हती अशी सुमारे 300 प्रकरणं आयोगाने अभियोजन विभागाकडे पाठवली. सौद्याचा दुसरा भाग हाच होता. ती बहुतेक तशीच पडून राहिली. शेवटी अहमदच्या भाच्याने वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि 2017 मध्ये चौकशी पुन्हा उघडली. तज्ज्ञांनी सांगितलं की कवटीच्या आणि जबड्याच्या काही जखमा पडण्यामुळे झालेल्या नाहीत, त्या आधीच्या आहेत. अशा अवस्थेत माणूस धावत खिडकीशी जाऊच शकत नाही. न्या. बिली मोत्ले यांनी 12 ऑक्टोबर 2017 ला हा खून असल्याचा निर्णय दिला. शेवटी त्याच्यासोबत असलेला पोलीस जोआओ रॉड्रिग्स याच्यावर 2018 मध्ये आरोप ठेवले गेले. खटला उभा राहण्याआधीच 2021 मध्ये तो वारला. हवा तिमोल तर चौकशी पुन्हा उघडण्याच्या कितीतरी आधी गेल्या होत्या.

ही एकच फाइल नीट वाचली तर चारही यंत्रणा त्यात येतात, आणि टीकाही. सत्य आयोगाने तिला व्यासपीठ दिलं, उत्तर दिलं नाही. उत्तर दिलं साध्या मृत्यूचौकशीच्या कायद्याने, तेही 46 वर्षांनी आणि कुटुंबाने रेटा लावला म्हणून. हे दिरंगाईचं दुखणं तिथे आजही ताजं आहे. आयोगाने पाठवलेल्या प्रकरणांत खटले कुणी अडवले, याची चौकशी करायला 2025 मध्ये, कुटुंबांनी न्यायालयात धाव घेतल्यानंतर, राष्ट्राध्यक्ष रामाफोसा यांनी न्या. सिसी खाम्पेपे यांच्या अध्यक्षतेखाली आयोग नेमला. म्हणजे सत्य आयोगाच्या पुढच्या दिरंगाईवर आणखी एक आयोग. तुमचा प्रबंध इथूनही सुरू होऊ शकतो.

टीकेकडे येते. टीका दोन जातींची असते आणि त्या वेगळ्या ठेवाव्यात. एक टीका म्हणते, की जे करायचं ठरवलं ते केलं नाही. खटले झाले नाहीत, पैसे उशिरा आले. दुसरी म्हणते, की जे करायचं ठरवलं तेच अपुरं होतं. दुसरी जास्त महत्त्वाची आहे. राज्यशास्त्राचे अभ्यासक महमूद ममदानी यांचा मुद्दा या जातीचा. कायद्याने बळी कुणाला म्हटलं? ठार मारणं, पळवून नेणं, छळ आणि गंभीर वाईट वागणूक, एवढं ज्याच्या वाट्याला आलं त्याला. पण वर्णभेद म्हणजे फक्त कोठडीतला छळ नव्हता. वर्णभेद म्हणजे पासबुक, म्हणजे काळ्या माणसाने सतत जवळ बाळगायचा परवाना, नसलं म्हणून रोज होणारी अटक, आणि घरदार सोडायला लावून उठवलेली सुमारे 35 लाख माणसं. ते सगळं त्या काळी कायदेशीरच होतं, त्यामुळे ते 'गुन्हा' या खान्यात बसलं नाही. छळ करणारा पोलीस समोर उभा राहिला. त्या व्यवस्थेवर जमीन, पगार आणि बंगले कमावलेला सामान्य माणूस प्रेक्षकांत बसून राहिला. मला ही टीका फार मोलाची वाटते. पण तिच्याबरोबर एक प्रश्नही ठेवा: दोन-अडीच वर्षांच्या मुदतीचा कुठलाही आयोग 35 लाख विस्थापितांचं काय करू शकला असता? ते काम जमिनीच्या कायद्याचं आणि कराचं आहे. आयोगाने निदान ते नाव घेऊन समोर मांडायला हवं होतं, इथपर्यंत मी ममदानींच्या बरोबर आहे.

बायकांच्या साक्षींबद्दलची टीकाही साक्षी वाचूनच कळते. बायका मोठ्या संख्येने आल्या आणि मुलाबद्दल, नवऱ्याबद्दल, भावाबद्दल बोलल्या. स्वतःवर काय गुजरलं ते फार थोड्या बोलल्या. आयोगाला हे मध्येच लक्षात आलं आणि त्यांनी बायकांसाठी वेगळ्या सुनावण्या ठेवल्या. आपल्याकडच्या कोर्टात साक्षीदार बाई उभी राहते तेव्हा मी हेच पाहिलं आहे, त्यामुळे मला याचं नवल वाटलं नाही. पण प्रश्न कसा विचारला यावर उत्तर कसं ठरतं, हे मुलांना यातून चांगलं समजतं.

तुलनेसाठी एक देश पुरे. मी अर्जेंटिना घेते, कारण तिथे क्रम उलटा आहे. 1982 चं फॉकलंड युद्ध हरल्यामुळे लष्करशाही कोसळली, तिच्यापाशी सौदा करायला काही उरलं नाही. 1983 मध्ये लोकशाही आल्यावर लष्कराने स्वतःला देऊन ठेवलेली माफी रद्द झाली, बेपत्ता माणसांच्या चौकशी आयोगाने 8,961 नावांची नोंद केली आणि 1985 मध्ये लष्करप्रमुखांवर खटला झाला. तडजोड त्यानंतर आली. बराकींमध्ये असंतोष वाढला, 1986 आणि 1987 मध्ये खटले थांबवणारे कायदे झाले, पुढे राष्ट्राध्यक्षांनी शिक्षा माफ केल्या. ते कायदे 2003 मध्ये संसदेने आणि 2005 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रद्दबातल ठरवले, आणि खटले पुन्हा सुरू झाले. माजी लष्करशहा व्हिडेला 2013 मध्ये तुरुंगातच वारला. तडजोड म्हणजे कायमचा शेवट असं धरून चालता येत नाही, हे यातून दिसतं. पण वीस वर्षं बेपत्ता मुलांच्या आया ब्युनोस आयर्समधल्या प्लाझा दे मायो या चौकात दर गुरुवारी उभ्या राहिल्या नसत्या तर हेही झालं नसतं.

रवांडात 1994 च्या वंशसंहारानंतर गावोगाव भरलेल्या गाचाचा न्यायालयांवर भरपूर लिहिलं गेलं आहे, पण पहिल्या प्रबंधाला तो विषय अवघड जाईल, भाषेमुळे आणि तिथे आज मोकळेपणाने बोलता येत नाही म्हणूनही. जवळचा आणि ताजा देश हवा असेल तर नेपाळ घ्या. सरकार आणि माओवादी यांच्यातल्या नोव्हेंबर 2006 च्या शांतता करारात बेपत्ता आणि मारल्या गेलेल्या माणसांची माहिती 60 दिवसांत जाहीर करण्याचं वचन आहे. आयोग बनले 2015 मध्ये. 60 हजारांहून अधिक तक्रारी सत्य आयोगाकडे आल्या, आणि कायद्यात दुरुस्ती झाली ती ऑगस्ट 2024 मध्ये. गंभीर गुन्ह्यांना माफी चालणार नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्येच सांगितलं होतं. नेपाळी देवनागरीतच लिहितात. मराठी-हिंदी येणाऱ्याला महिनाभराच्या सरावाने तिथली वर्तमानपत्रं आणि कायद्याचा मसुदा बऱ्यापैकी कळतो. ही सोय आपल्याला आहे, तिचा उपयोग करून घ्या.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, आपल्याकडचं काही बसतं का. मुलं हटकून 1992-93 च्या मुंबई दंगलींचा श्रीकृष्ण आयोग आणतात. 900 माणसं मेली, आयोग जानेवारी 1993 मध्ये नेमला गेला, जानेवारी 1996 मध्ये राज्य सरकारने तो गुंडाळला, मे महिन्यात पुन्हा सुरू केला आणि फेब्रुवारी 1998 मध्ये अहवाल आला. सत्य बाहेर आलं पण पुढे कारवाई झाली नाही, हे साम्य खरं आहे आणि ते अभ्यासण्यासारखं आहे. तरी मी तुम्हाला त्यावर 'संक्रमणकालीन' हा शिक्का मारू नका असं सांगेन. तिथे कुठलंही राज्य बदललं नव्हतं. पोलीस तेच, न्यायालयं तीच, दंडविधान तेच आणि चालू स्थितीत. जिथे रोजच्या कायद्यानेच न्याय देणं लागतं तिथे असाधारण न्यायाची भाषा आणली की रोजच्या यंत्रणेला निसटायला वाट मिळते. चौकशी आयोगाचा अहवाल सरकारवर बंधनकारक का नाही, हा 1952 च्या कायद्याचा प्रश्न आहे, आणि तो त्याच नावाने विचारलेला बरा.

आता करायचं काय ते सांगते. आधी हवा तिमोल यांची आयोगापुढची साक्ष वाचा, मोठ्याने. आयोगाचे सदस्य साक्षीच्या शेवटी बहुतेकांना विचारायचे, की आमच्याकडून तुम्हाला काय हवं आहे. लोक किती साध्या गोष्टी मागायचे ते पाहा: थडग्यावर दगड, मुलांचं शिक्षण, हाडं मिळाली तर हाडं. मग अझापोचा निकाल वाचा. नंतर 2017 चा तिमोल निकाल. या तिन्हींसाठी तीन आठवडे द्या आणि तोवर टीकेचं एकही पुस्तक उघडू नका. एका कागदावर डावीकडे आईने काय मागितलं ते लिहा आणि उजवीकडे 1996 पासून 2021 पर्यंत प्रत्येक टप्प्यावर त्या मागणीचं काय झालं ते. जिथे उजवी बाजू रिकामी राहील तिथे कुणाचं काम होतं आणि ते कुणी केलं नाही, हे शोधा. त्या रिकाम्या जागांपैकी एक निवडून मला कळवा, मग प्रबंधाचं शीर्षक ठरवू.